धुराची थकबाकी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात मी केलेले भाषण. स्मरणिका समितीने ते लिहून मागितले, म्हणून आठवेल तसे लिहून दिले आहे. बोलण्यातला थोडा विस्कळीतपणा वाचकांनी सांभाळून घ्यावा.)



मला विषय दिला आहे ‘प्रदूषण आणि आपण’. मुलांनी भिंतीवर लावलेली चित्रं मी आल्या आल्या पाहिली. बहुतेक चित्रांत एक उंच चिमणी आहे, तिच्यातून काळा धूर निघतो आहे आणि शेजारी एक रडणारी पृथ्वी आहे. चित्रं छान आहेत. पण बाळांनो, मी आज ज्या धुराबद्दल बोलणार आहे तो काळा नसतो. तो दिसतच नाही. म्हणून त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि मी पडलो बँकेतला माणूस. जो हिशेब कोणी ठेवत नाही, तिथे माझं बोट आधी जातं.

या वायूचं नाव सल्फर डायऑक्साइड. साध्या भाषेत, गंधक जळाल्यावर होणारा वायू. तुम्ही सगळ्यांनी त्याचा वास घेतलेला आहे. आगपेटीची काडी ओढली की पहिल्या क्षणी नाकात जे झणझणतं, ते बरंचसं हेच. माझं लहानपण मलकापूरला रेल्वे लाइनच्या जवळ गेलं. तेव्हा वाफेची इंजिनं होती. घरात शेगडी होती आणि तिच्यात दगडी कोळसा. आई शेगडी आधी अंगणात पेटवायची, तो घशात उतरणारा धूर निघून जाऊ द्यायची, आणि निखारे लाल झाले की मगच शेगडी आत आणायची. तिला रसायनशास्त्र येत नव्हतं. पण पहिला धूर घरात येऊ द्यायचा नाही, एवढं तिला नक्की कळत होतं.

आता गंधक तर आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा. भुरी पडली की आपण गंधकाची भुकटी मारतो. मग तो वाईट कसा? गंधक वाईट नाही, पिकालाही तो लागतो. युरोपात धुरातला गंधक कमी केल्यावर काही ठिकाणी शेतात तो खत म्हणून घालावा लागला, हेही खरं आहे. पण खत पोत्यातून मापून टाकायचं असतं, लोकांच्या छातीतून गाळून नव्हे.

दगडी कोळशात गंधक मुळातच असतो. आपल्या देशातल्या कोळशात तो कमी, साधारण अर्धा टक्का धरा. म्हणजे एक टन कोळशात पाच किलो. तो जळताना हवेतला तेवढ्याच वजनाचा प्राणवायू सोबत घेतो, आणि पाच किलोचे होतात दहा किलो. माझ्या वयाच्या लोकांना ‘दामदुप्पट’ आठवत असेल. सावकाराचं व्याज मुद्दलाएवढं झालं की तिथे थांबायचं, हा आपला जुना नियम. गंधकाचा हिशेबही तसाच आहे. मुद्दल पाच, व्याज पाच, वसुली दहा. फरक एवढाच, की इथे कर्ज एकाने घेतलेलं असतं आणि वसुली होते भलत्याकडून.

आपण शेगावला दर्शनाला जातो, पुढे अकोल्याला जातो, तेव्हा गाडीतून पारसच्या चिमण्या दिसतात. मागच्या बाजूला भुसावळकडे गेलं की दीपनगर. आपला मोताळा तालुका या दोन वीजकेंद्रांच्या मध्ये आहे. पारसला आज अडीचशे मेगावॉटचे दोन संच आहेत. मी घरी बसून कागदावर एक ढोबळ गणित केलं. पाचशे मेगावॉट पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले, तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट. एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला ८,४०० टन कोळसा. आणि टनाला दहा किलो म्हणजे ८४ टन वायू. एका दिवसाचा. केंद्र रोज पूर्ण क्षमतेने चालत नाही, थोडा गंधक राखेतही राहतो, तेव्हा आकडा खालीवर होईल. पण शेवटी उत्तर किलोत येत नाही, टनात येतं, एवढं लक्षात ठेवा.

आणि कृपा करून हे ऐकून पारसला नावं ठेवू नका. ती वीज माझ्या पंख्याला येते. राज्याच्या जाळ्यातली वीज कुठली कुठली हे वेगळं काढता येत नाही. आत्ता हा माइक चालू आहे, त्याच्या धुरातही माझा वाटा आहे.

हा वायू काय करतो? दमेकरी माणसाच्या श्वासनलिका काही मिनिटांत आवळतो, हा पहिला भाग. दुसरा भाग जास्त खोल आहे. हवेत राहता राहता त्याचे अतिशय बारीक कण बनतात, सल्फेटचे. ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि फुप्फुसात पार तळाशी जाऊन बसतात. म्हणजे चिमणीजवळच्या यंत्रावर वायूचा आकडा मर्यादेत दिसला, तरी हिशेब मिटलेला नसतो. तो दुसऱ्या शाखेत, दुसऱ्या नावाने जमा झालेला असतो. लेखापरीक्षण केलेल्या माणसाला हा प्रकार चांगला माहीत आहे.

मग यावर उपाय नाही का? आहे, आणि तो काही आजचा नाही. चिमणीत जाण्याआधी धूर चुनखडीच्या पाण्याच्या फवाऱ्यातून न्यायचा. गंधकाचा वायू चुनखडीला धरतो आणि त्याचा जिप्सम बनतो. तो सिमेंटच्या कारखान्यात चालतो. नव्वद टक्क्यांहून जास्त वायू असा पकडता येतो. समुद्राकाठी तर चुनखडीही नको, समुद्राचं खारं पाणीच ते काम करतं. आपल्या मुंबईत ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रात एका संचावर १९८० च्या दशकातच अशी यंत्रणा बसली होती. म्हणजे उपाय ठाऊक नव्हता, असं कोणी म्हणू शकत नाही.

मग अडतं कुठे? अडतं ते मुदतीवर. यासाठी दोन खाती तुमच्यासमोर उघडतो. एक फेडलं गेलेलं, एक थकलेलं.

फेडलं गेलेलं खातं डिझेलचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत दहा हजार भाग गंधक चालत असे. टप्प्याटप्प्याने तो पाचशेवर आला, मग साडेतीनशे, मग पन्नास. आणि १ एप्रिल २०२० पासून संपूर्ण देशात दहा. दहा हजारावरून दहावर! त्या दिवशी लॉकडाउन होता, आपण सगळे घरात हात धूत बसलो होतो, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण माझ्या मते ही आपल्या देशाने केलेली मोठी कामगिरी आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी हजारो कोटी खर्च केले. आणि महत्त्वाचं म्हणजे, तारीख आली तेव्हा मोठ्या शहराला एक नियम आणि मोताळ्याला दुसरा, असं झालं नाही. मुंबईच्या पंपावर जे डिझेल, तेच आपल्या मलकापूर रोडच्या पंपावर.

थकलेलं खातं कोळशाच्या चिमण्यांचं. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नियम काढला, की औष्णिक वीजकेंद्रांनी हा वायू अमुक मर्यादेत आणावा. मुदत दोन वर्षं, म्हणजे डिसेंबर २०१७. त्या मुदतीची झाली २०२२. त्याची पुढे २०२४, मग २०२६, आणि शेवटी २०२७ ते २०२९. आणि जुलै २०२५ मध्ये नवा आदेश निघाला, त्यात देशातल्या बहुतेक, जवळजवळ अठ्ठ्याहत्तर टक्के संचांना या यंत्रणेतून सूट मिळाली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं, यांच्या दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र ती बसवावीच लागेल, २०२७ अखेरपर्यंत. आधीच जास्त प्रदूषित ठरलेल्या भागांजवळच्या केंद्रांचा विचार एकेक करून होणार.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे, एकतर्फी बोलणं माझ्या पेशात बसत नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या कोळशात गंधक कमी आहे, बहुतेक शहरांत हवेतल्या या वायूचं प्रमाण मर्यादेच्या आतच आहे, यंत्रणा महाग आहे, ती चालवायला पुन्हा वीज लागते, आणि शेवटी खर्च आपल्याच बिलात येणार. यातला एकेक मुद्दा खोटा नाही. पण सल्फेटच्या कणांचा हिशेब त्यात धरलेला नाही, असं विरोधी मत असलेले शास्त्रज्ञ सांगतात, आणि मला ते पटतं. शिवाय एक साधा प्रश्न मनात येतो. दहा लाखांच्या शहराजवळची छाती आणि दोन हजारांच्या खेड्यातली छाती, यांत देवाने काही फरक केलाय का हो? डिझेलच्या वेळी शेवटी आपण तो ठेवला नव्हता.

बँकेत पस्तीस वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कर्जदार वाईट असतो म्हणून कर्ज थकत नाही. पहिल्या हप्त्याला मुदतवाढ मिळाली की दुसरी मागायला लाज वाटत नाही, म्हणून थकतं. आणि ज्या कर्जाला तारण असतं, त्याचा हप्ता आपोआप आठवतो.

हे मी उगाच बोलत नाही. आपल्या महाराष्ट्रातच याचं उदाहरण आहे. डहाणू. चिकूच्या बागांचा, वारली पाड्यांचा तालुका. १९९१ मध्ये केंद्राने तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तरी तिथे पाचशे मेगावॉटचं, म्हणजे बरोबर आपल्या पारसएवढं, कोळशाचं वीजकेंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झालं. बागायतदार आणि स्थानिक मंडळी कोर्टात लढत राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ च्या डिसेंबरमध्ये तालुक्यासाठी एक प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, आपल्या दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. या प्राधिकरणाने १९९९ मध्ये सांगितलं, धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा. वर्षं जात राहिली, यंत्रणा बसेना. तेव्हा २००५ मध्ये प्राधिकरणाने काय मागितलं असेल? बँक गॅरंटी. तीनशे कोटींची! कंपनी कोर्टात गेली, वाद झाले. पण २००७ मध्ये डहाणूला समुद्राच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा सुरू झाली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो. बँक गॅरंटीचे कागद मी आयुष्यभर हाताळले. रस्त्याचा ठेकेदार, धरणाचा ठेकेदार, सगळ्यांच्या गॅरंटीवर सह्या केल्या. पण लोकांना स्वच्छ श्वास मिळावा म्हणून कोणी बँक गॅरंटी मागू शकतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता मंडळी, इथपर्यंत मी दिल्लीबद्दल बोललो, डहाणूबद्दल बोललो. दुसऱ्याची खाती तपासणं सोपं असतं. आता आपलं खातं.

या स्मरणिकेसाठी समितीने मला संस्थेची जुनी इतिवृत्तं चाळायला दिली. त्यांतली बरीच माझ्याच अक्षरात आहेत, कारण बरीच वर्षं मी खजिनदार होतो आणि लिहिण्याचं कामही माझ्याकडेच यायचं. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना आठवेल, भारनियमनाच्या काळात आपण जुना डिझेल जनरेटर घेतला. साल २००७. बोअरच्या मोटारीसाठी आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी. आवाज कोणाला नको होता, म्हणून तो पूर्वेच्या शेवटच्या घरामागे ठेवला. त्या घरात गुरुजी राहायचे. नाव घेत नाही, जुन्यांना कळलं असेल. गुरुजींना दमा होता.

२००८ च्या वार्षिक सभेचं इतिवृत्त. विषय क्रमांक सात: ‘जनरेटरच्या धुराचा नळ उंच करणे अथवा जागा बदलणे.’ निर्णय: ‘पुढील वर्षी विचार करावा.’ २००९: ‘निधीअभावी पुढील वर्षी विचार करावा.’ २०१०: ‘पुढील वर्षी.’ तिन्ही अक्षरं माझी. नळाला किती खर्च होता? वेल्डिंगवाल्याने काही हजार सांगितले होते. त्याच वर्षी आपण कमानीला रंग दिला होता, त्याला त्याहून जास्त लागले.

गुरुजी भांडले नाहीत. एकदा मला म्हणाले, “भाऊ, भारनियमन संध्याकाळचं असतं अन् माझी खिडकीबी संध्याकाळीच उघडायची असते.” मी हसलो. तो विनोद आहे असं मला वाटलं. २०११ मध्ये ते मुलाकडे राहायला गेले आणि दोन वर्षांनी तिकडेच वारले. त्या धुराने त्यांचं काही झालं, असं मी म्हणत नाही, ते मला ठरवता येणार नाही. जनरेटरच्या धुरात गंधकापेक्षा काजळीच जास्त असते, हेही मला आता माहीत आहे. पण त्या माणसाने तीन वर्षं संध्याकाळी खिडकी बंद ठेवली, हे नक्की. आणि ती बंद ठेवणारा माणूस मी होतो. दिल्लीने मुदतवाढ दिली म्हणून मी आता टीका करतो. माझ्या वहीतही त्याच तीन मुदतवाढी आहेत.

पुढे वाचा. २०१८ मध्ये आपल्या तरुण सदस्यांनी ठराव मांडला, की सामाईक मोटार आणि दिवे सौर ऊर्जेवर घ्यावेत. ठराव एकमताने मंजूर. टाळ्या झाल्याची नोंद आहे. अंमलबजावणी: ‘पुढील वर्षी.’ तेही अक्षर माझंच. आजपर्यंत ते पुढचं वर्ष आलेलं नाही.

म्हणून आज सत्काराची शाल घेण्याआधी मला काही सांगायचं आहे. संस्थेच्या सभागृहाच्या छतावर पाच किलोवॅटचा संच बसतो, जागा मोजून घेतली आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार, म्हणजे आपल्याला ९० हजारांचं अनुदान बसतं. नेट मीटर घेतला की दिवसा तयार झालेली जास्तीची वीज महावितरणकडे जमा, आणि रात्रीच्या दिव्यांना वळती. दिवसाला साधारण २० युनिट धरली, तर वर्षाला सात हजारांच्या वर. मघाच्याच हिशेबाने पाच टन कोळसा वाचला आणि गंधकाचा वायू वाचला सुमारे पन्नास किलो. खताचं एक पोतं. पारसच्या ८४ टनांपुढे हे काहीच नाही, मला माहीत आहे. पण ते पोतं आपल्या नावावरचं आहे, आणि आपलं खातं आपणच मिटवायचं असतं. आपलं मिटलं, की मग वीजकेंद्रांच्या मुदतीबद्दल पत्र लिहिताना आपला हात थरथरणार नाही.

तारीख मी सुचवतो, १ मे, महाराष्ट्र दिन. आणि नुसती तारीख नाही. आज सकाळी मी पन्नास हजारांची मुदत ठेव पावती अध्यक्षांकडे दिली आहे, सोबत सही केलेलं पत्र. १ मे पर्यंत संच चालू झाला तर पावती मला परत. नाही झाला, तर रक्कम संस्थेच्या निधीत जमा, आणि मी ती मागणार नाही. घरी विचारून दिली आहे, काळजी करू नका. सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, “इतकी वर्षं दुसऱ्यांचं तारण घेतलंत, एकदा स्वतःचं ठेवून बघा.”

या पावतीला सोबत मिळाली तर बरं वाटेल. पैशाचीच हवी असं नाही. कोणी अर्ज भरण्याचं काम घ्या, कोणी महावितरणच्या कचेरीत खेटे घालण्याचं, कोणी दर महिन्याला पॅनल पुसण्याचं. फक्त नावापुढे तारीख लिहा. आणि तो जुना जनरेटर, जो आता क्वचितच लागतो, तो त्या शेवटच्या घरामागून हलवून नळ उंच करून घेऊ. त्या घरात आता नवीन कुटुंब आलं आहे, त्यांचं तान्हं बाळ आहे. त्यांनी तक्रार केलेली नाही. गुरुजींनीही फार केली नव्हती.

बाळांनो, पुढच्या वर्षी चित्र काढाल तेव्हा चिमणी जरूर काढा. पण तिच्या शेजारी एक खिडकी काढा आणि ती उघडी ठेवा. आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या नव्या सचिवांना माझी एक विनंती आहे. ‘पुढील वर्षी’ हे दोन शब्द मी माझ्या काळात पुरेसे वापरून संपवले आहेत. तुमच्यासाठी शिल्लक ठेवलेले नाहीत.